उन्हात मारलेली जीटी : ब्ल्यूप्रिंटसाठी कागद कोणता घ्यावा?

इंजिनिअरिंगला आलेल्या माणसाला जीटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर टॉपरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हे दृश्य दिसतं. ज्याने आयुष्यात एकदाही जीटी मारली नाही तो एकतर संत असावा किंवा खोटं बोलत असावा.

या लेखातली जीटी मात्र उन्हात मारतात. रेषा आपण ओढायच्या नसतात, ते काम सूर्य करतो. तिचं खरं नाव सायनोटाइप. आपल्या लाइनमध्ये तिला ब्ल्यूप्रिंट म्हणतात. आज 'ब्ल्यूप्रिंट' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतच जास्त सापडतो. पण मुळात तो निळ्या कागदावरच्या पांढऱ्या रेषांचा खराखुरा कागद होता, आणि ही गोष्टही शेवटी कागदाचीच आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या ड्रॉइंग हॉलचे मामा रिटायर होणार होते. मामांनी तरुणपणी कॉलेजचं अमोनिया प्रिंटचं मशीन चालवलं होतं. ते मशीन भंगारात जाऊनही बरीच वर्षं झाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ कॉलेज देणारच होतं. फोटोग्राफी क्लबच्या आम्हा चौघांना वाटलं, की आपण काहीतरी वेगळं द्यावं. स्टोअररूममध्ये साठच्या दशकातलं वर्कशॉपच्या इमारतीचं एक ड्रॉइंग सापडलं. ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईने काढलेलं, रूफ ट्रसचे मेंबर असे नेमके की पाहत राहावं. ठरलं, त्यातल्या ट्रसच्या भागाची ए-थ्री आकाराची ब्ल्यूप्रिंट काढायची आणि फ्रेम करून मामांना द्यायची. हातात दहा दिवस होते.

पद्धत अवघड नाही. १८४२ साली इंग्लंडमध्ये सर जॉन हर्शेल यांनी ती शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळांच्या अशा निळ्या प्रिंटांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रं वापरलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. १८७० च्या दशकापासून इंजिनिअर आणि आर्किटेक्ट लोकांनी ही पद्धत उचलली, आणि पुढे डायझो म्हणजे आपलं अमोनिया प्रिंट येईपर्यंत जगभरची ड्रॉइंग हिच्यावर चालली.

दोन द्रावणं करायची. एकात १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या रंगाचं), दुसऱ्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. मंद पिवळ्या दिव्यात दोन्ही सारखी मिसळून ब्रशने कागदावर लावायची आणि अंधारात वाळवायची. वर ट्रेसिंग, त्यावर काच, आणि ऊन. अल्ट्राव्हायोलेट किरणांनी फेरिक लोहाचं फेरस होतं. ते फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्ल्यू तयार होतो. रेषांखाली ऊन पोचत नाही, तिथला मसाला पाण्यात धुऊन जातो आणि रेषा पांढरी उरते. संपली प्रोसेस. डार्करूम नको, एनलार्जर नको. सायनाइड हे नाव ऐकून घाबरू नका. फेरिसायनाइडमध्ये ते लोहाला घट्ट बांधलेलं असतं. फक्त तीव्र ॲसिडमध्ये ते टाकायचं नाही आणि ॲसिड घालून तापवायचं तर मुळीच नाही, कारण तेव्हा विषारी वायू सुटू शकतो. हातमोजे घालाच.

केमिकल सायन्स सप्लायवाल्याकडे मिळाली. कागदाचं म्हणाल, तर निरोपाची भेट आहे, कंजुषी नको, म्हणून क्लबच्या पैशातून दहा शीट इंपोर्टेड वॉटरकलर पेपर आणला. ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, वर ठसठशीत छापलेलं: ॲसिड-फ्री, आर्काइव्हल. एवढ्या पैशात महिन्याची मेस झाली असती.

पहिली प्रिंट उन्हातून उचलली तेव्हा झकास होती. धुवायला टाकली आणि सगळी निळाई ट्रेमधल्या पाण्यात. कागदावर उरला आजारी आकाशी रंग, आणि पांढऱ्या रेषांत चहा सांडल्यासारखी पिवळट झाक. वाटलं एक्सपोजर कमी पडलं. वेळ दुप्पट केला. तेच. केमिकल नवीन कालवलं. तेच. तिसऱ्या दिवशी वैतागून एकाने कॉलेजसमोरच्या स्टेशनरीतली साधी कार्ट्रिज शीट आणली, जिच्यावर आपण इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीट काढतो ती. तिच्यावर पहिल्याच फटक्यात असा गर्द निळा आला की चौघेही गप्प. उरलेल्या दिवसांत आम्ही जे शिकलो ते इथे देतोय, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

प्रशियन ब्ल्यू हा रंग तसा चिवट आहे, पण त्याचा एक पक्का वैरी आहे, तो म्हणजे अल्कली. अल्कलीत तो फुटतो. त्याचं लोह पिवळट-तपकिरी हायड्रॉक्साइड होऊन कागदात बसतं आणि फेरोसायनाइड पाण्यात निघून जातं. आमच्या रेषांतली चहाची झाक म्हणजे हेच. खात्री करायची असेल तर सायनोटाइप केलेल्या कापडाचा तुकडा कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात टाकून बघा. निळा रंग डोळ्यांदेखत पिवळा पडतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसलाच चमत्कार.

पण कागदात अल्कली आली कुठून? 'ॲसिड-फ्री' या शब्दातच उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गिरणीच्या कागदाला रोझिन आणि तुरटीचं सायझिंग असे. हा कागद आंबट. पन्नासेक वर्षांत पिवळा पडून त्याचे तुकडे होतात; आजोबांच्या कपाटातली पुस्तकं काढून बघा. ग्रंथालयांनी ओरड केल्यावर आणि ते स्वस्तही पडतं म्हटल्यावर गिरण्या विसाव्या शतकाच्या शेवटी उलट्या बाजूला गेल्या. आता कागदात मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सरळ भाषेत खडू, मिसळतात. हवेतलं ॲसिड आलं की खडू ते खाऊन टाकतो आणि कागद वाचतो. याला बफर करणं म्हणतात. टिकाऊ कागदासाठीचं आयएसओ ९७०६ हे १९९४ चं मानक तर निदान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा मागतं. म्हणजे ग्रंथपालाच्या दृष्टीने जो कागद उत्तम, तोच सायनोटाइपला मारक. जुन्या ब्ल्यूप्रिंट कंपन्यांना हा त्रास नव्हता, त्यांचा कागद आंबटच होता. आमची कार्ट्रिज शीटही बहुधा त्याच जातीची.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, 'अनबफर्ड आहे का?' 'ॲसिड-फ्री आहे का?' असं विचारून काही उपयोग नाही. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल आणि सगळं चांगलंच आहे असं सांगेल. तेव्हा परीक्षा आपणच घ्यायची. कागदाच्या कोपऱ्याचा कपटा फाडा, फाटलेल्या कडेवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका (केमिस्ट्री लॅबमध्ये, सर समोर असताना) आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. व्हिनेगरनेही जमतं, पण बुडबुडे इतके बारीक येतात की बघणाऱ्याला भास वाटतो. आमच्या महागड्या कागदावर ॲसिडचा थेंब सोडा वॉटरसारखा फसफसला. झेरॉक्सचा कागद तर त्याहून जोरात, कारण आजकालच्या बहुतेक झेरॉक्स कागदांत फिलर म्हणून खडूच भरलेला असतो.

खास या कामासाठी बनवलेले बिनखडूचे कागद जगात मिळतात. फ्रान्सचा आर्श प्लॅटिन, बर्जरचा कॉट ३२०, जर्मनीच्या हानेम्युलेचा प्लॅटिनम रॅग. नावात प्लॅटिनम आहे कारण ते मुळात प्लॅटिनम प्रिंटवाल्यांसाठी निघाले, आणि लोहाच्या सगळ्याच प्रोसेसना असा कागद लागतो. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ माइक वेअर यांनी १९९० च्या दशकात सायनोटाइपची सुधारित कृती काढली. तिच्यात फेरिक अमोनियम ऑक्झलेट असतं, म्हणून ती खडूच्या बाबतीत आणखी नखरेल: कॅल्शियम भेटलं की न विरघळणारं कॅल्शियम ऑक्झलेट कागदातच बसतं. नवशिक्याने हर्शेलची जुनी कृतीच धरावी. ती बरंच सोसते. मुंबईच्या एका सीनियरने आम्हाला आर्श प्लॅटिनचं एक शीट दिलं. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्याची किंमत विद्यार्थ्याने विचारू नये.

मग उरलेल्या सात शीटचं काय करायचं? फेकायची हिंमत नव्हती; खजिनदाराने हिशेब मागितला असता. उपाय साधा होता. ॲसिडने खडू काढून टाकायचा. त्यासाठी सल्फॅमिक ॲसिड वापरतात, बॉयलरमधला क्षार काढायला जे लागतं तेच. स्फटिकरूपात स्वस्त मिळतं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचं कॅल्शियमचं मीठ पाण्यात विरघळून निघून जातं. ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं तर वर सांगितलेला ऑक्झलेटचा गाळ धाग्यांत अडकतो, शिवाय ते विषारी.

इथे थोडं गणित केलं, सवय जात नाही. ए-थ्री म्हणजे एक अष्टमांश चौरस मीटर. ३०० जीएसएमने शीटचं वजन ३७.५ ग्रॅम. मानकातला किमान दोन टक्के खडू धरला तर ०.७५ ग्रॅम, म्हणजे ७.५ मिलिमोल. एका खडूच्या रेणूला सल्फॅमिकचे दोन लागतात, म्हणजे १५ मिलिमोल. रेणुभार ९७ धरला तर साधारण दीड ग्रॅम. पाच टक्क्यांचं द्रावण केलं तर शीटमागे ३० मिलिलिटर पुरे, म्हणजे कागदोपत्री एक लिटरमध्ये तीसेक शीट. आम्ही सातच बुडवल्या, कारण खडू दोन टक्केच असेल याची हमी कोण देतो? प्रत्येक शीटमधून जवळजवळ १८० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दोन कटिंगच्या ग्लासांइतका. ट्रेमध्ये कागदावर बुडबुड्यांची साय धरते. ती ब्रशने सारत राहायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत, आमच्याकडे अर्धा तास, शीट बुडलेली ठेवायची. नंतर वाहत्या पाण्यात भरपूर धुवायची (पुढे फेरिसायनाइड लावायचं आहे, ॲसिड मागे ठेवायचं नाही) आणि दोरीवर वाळवायची. ट्रे प्लॅस्टिकचा, डोळ्यांना गॉगल. वाळल्यावर कागदाची पातळी थोडी जाते, किंचित लव उठते, पण चालतं.

खडूनंतरचा दुसरा मुद्दा सायझिंगचा. सायझिंग म्हणजे कागदाने पाणी किती प्यावं यावर घातलेला लगाम. ते अजिबात नसेल तर कागद टीपकागदासारखा वागतो. द्रावण धाग्यांच्या पोटात शिरतं, चित्र बुजकट होतं, आणि न वापरलेला मसाला धुऊन निघत नाही म्हणून रेषा कायमच्या निळसर राहतात. सायझिंग जास्त असेल तर द्रावण अळवावरच्या पाण्यासारखं वर थबकून राहतं आणि तयार झालेला निळा रंगही पाण्याबरोबर वाहून जातो. पाण्याचा एक थेंब कागदावर टाकून घड्याळ लावा. लगेच पसरला तर नको, दोन-तीन मिनिटं तसाच गोल बसला तरी नको. हळूहळू पसरत, कागद ओलसर करत जाणारा थेंब चांगला. जुने कारागीर नुसती जीभ लावून बघतात. ॲसिडवाला कपटा आणि हा कपटा वेगळा ठेवा म्हणजे झालं.

वजनाचं फार डोकं लावू नका. प्रिंट वीस मिनिटं पाण्यात राहते आणि ओली उचलावी लागते, म्हणून दोनशे जीएसएमच्या खाली सुरुवातीला जाऊ नये. आमचा झेरॉक्स कागद ट्रेमधून उचलताना भज्यासारखा तुटला. पोत विषयावर अवलंबून. रेषांच्या ड्रॉइंगला गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस्ड. चेहरा, झाड, भिंत असलं काही असेल तर कोल्ड प्रेस्डचा खरखरीतपणा छान दिसतो. फोटोपासून प्रिंट करायची असेल तर ओएचपीच्या पारदर्शक फिल्मवर इंकजेटने निगेटिव्ह छापून घेता येते.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षून चालणार नाही. कागद स्वतःच मसाला बिघडवतो का, ते बघायला हवं. लाकडाचा लगदा नीट साफ केलेला नसेल तर त्यातलं लिग्निन वगैरे द्रव्यं अंधारातसुद्धा फेरिकचं फेरस करत राहतात. द्रावण लावून वाळवलेला तुकडा वहीत बंद करून चोवीस तास ठेवा. पिवळा-पोपटी राहिला तर कागद सज्जन. हिरवा-निळा झाला तर रेषा कधीच पांढऱ्या मिळणार नाहीत. आमची लाडकी कार्ट्रिज शीट इथे नापास झाली. लावल्या लावल्या छापली तर सुंदर, रात्रभर ठेवली तर मळकट. आणि लिग्निनवाला कागद काही वर्षांनी पिवळा पडणार तो पडणारच. मामांना तसला द्यायचा नव्हता.

हातकागदाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या घरची गोष्ट आहे. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. जुने कागदी लोक कागदाला खळ लावून दगडाने घोटत. टाकाने लिहायचं म्हणून ते सायझिंग. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० साली सुरू झाली. आजचा चांगला हातकागद सुती चिंध्यांपासून होतो, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, लिग्निनची कटकट नाही. तत्त्वतः आपल्याला हवा तोच. पाकळ्या आणि सोनेरी धागे घातलेला लग्नपत्रिकांचा प्रकार मात्र टाळा.

आम्ही दुकानातून आणलेल्या हातकागदावर बुडबुडे आले नाहीत, थेंब जरा भरभर पसरला, निळा रंग मखमलीसारखा आला. पण प्रिंट सुकल्यावर रेषांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे गर्द निळे ठिपके! फर्स्ट इयरला करोजनच्या प्रॅक्टिकलमध्ये फेरिसायनाइडच्या द्रावणात खिळा ठेवल्यावर त्याच्याभोवती निळा रंग येतो, आठवतंय? तेच इथे झालं. लगदा कुटणाऱ्या यंत्राच्या पात्यांचे लोखंडी कण कागदात येतात, आणि प्रत्येक कण आपापला प्रशियन ब्ल्यू बनवतो. चेहऱ्याच्या चित्रात हे ठिपके खपून गेले असते, ट्रसच्या ड्रॉइंगमध्ये ते नसलेले रिव्हेट वाटत होते. घेण्याआधी नमुन्याच्या तुकड्यावर फेरिसायनाइडचं द्रावण लावून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पाण्याकडेही लक्ष द्या. होस्टेलचं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणजे पुन्हा अल्कली. कागद कितीही चांगला असला तरी अशा पाण्यात हलक्या छटा उडतात. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकलं की फरक लगेच दिसतो.

सातव्या दिवशी गच्चीवर पाच कागदांच्या पट्ट्या एकाच काचेखाली लावून, पुठ्ठा सरकवत दोन, चार, आठ आणि सोळा मिनिटांचं एक्सपोजर दिलं. प्लॅटिन पहिला आला, पण जरासाच. त्याच्या पाठोपाठ आमचाच महागडा कागद, खडू काढलेला. तोच कागद खडूसकट सर्वांत शेवटी. एकाच शीटचे दोन तुकडे, एक गर्द, एक फिका. क्लबच्या बोर्डवर त्या दोन पट्ट्या अजून लावलेल्या आहेत.

मामांची प्रिंट खडू काढलेल्या कागदावर, आठ मिनिटांत झाली. ट्रेसिंग एकमेव होतं, ओलसर मसाल्याचा डाग पडू नये म्हणून मध्ये पातळ पॉलिस्टर शीट घातली. रेषा केसभर मऊ झाल्या, ते सोसलं. फ्रेमवाल्याला माउंट बोर्ड आर्काइव्हलच पाहिजे होता. त्याच्याशी अर्धा तास वाद घालून थेंब टाकून दाखवला, तेव्हा बिनखडूचा मिळाला.

समारंभात मामांनी फ्रेम हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "पोरांनो, अमोनियाचा वास कसा नाही रे हिला?" त्यांना सगळी प्रोसेस सांगितली. घरी कुठे लावणार विचारलं, तर म्हणाले गावाकडे ओसरीत. ओसरीची भिंत चुन्याची. चुना म्हणजे अल्कली, आणि पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. तेव्हा त्याच संध्याकाळी फ्रेम परत मागून घेतली, पाठीमागे प्लॅस्टिकची शीट चिकटवली, भिंतीपासून अंतर राहावं म्हणून चार कोपऱ्यांना बाटलीची बुचं लावली, आणि थेट ऊन येणार नाही अशा जागी लावा असं सांगून परत दिली. उन्हाने ती फिकी वाटली तर महिनाभर कपाटात ठेवायची, निळा रंग अंधारात हवेने बराचसा परत येतो. मामा म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखंच, रिटायर होऊन आराम केला की बरं वाटतं."